मुलाखत घेणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो



आपल्या गटातल्या कितीतरी घरांतून आता लेकी-सुना नोकरीच्या मुलाखतीला जातात. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत. घरी आली की आपण विचारतो, काय गं, काय विचारलं? बऱ्याच वेळा उत्तर येतं: लग्न झालंय का, मूल कधी होणार, सासरचे रोज पाठवतील का. तिच्या मागे रांगेत बसलेल्या मुलाला मात्र यातलं काहीच विचारलेलं नसतं.

हे प्रश्न नवे नाहीत. त्यावर बायकांनी विचारलेला जाबही नवा नाही. आज आपण त्याचाच इतिहास बघू. बाईने विचारलं, की तुमची निवडण्याची रीत बरोबर आहे का, तेव्हा नोकरी देणाऱ्याने काय उत्तर दिलं? मालक कधी सरकार होतं, कधी खाजगी कंपनी, कधी विमा महामंडळ, कधी बँक. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि त्या वेगळेपणातच आपल्याला शिकण्यासारखं आहे.

सुरुवात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांपासून करू. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात विराजपेठ नावाचं गाव आहे. तिथल्या सी. बी. मुथम्मा. लहानपणीच वडील गेले, आईने चार मुलांना शिकवलं. मुथम्मा १९४८ साली केंद्राच्या मोठ्या परीक्षेत पास झाल्या आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या. परराष्ट्र सेवा म्हणजे आपल्या देशाच्या वतीने दुसऱ्या देशांत काम करणारे अधिकारी. त्या सेवेतल्या या पहिल्या महिला.

पण ही नेमणूक सहज झाली नाही. मुलाखतीच्या मंडळाने त्यांना या सेवेपासून परावृत्त करायचा प्रयत्न केला. बाईला हे जमणार नाही, असा सूर होता. मुलाखतीत आपल्याला अगदी कमीत कमी गुण दिले गेले, असं त्यांनी पुढे सांगितलं. लेखी परीक्षेत गुण इतके चांगले होते म्हणून त्या तरल्या. शिवाय नोकरीवर घेताना त्यांच्याकडून लिहून घेतलं, की लग्न केलं तर मी राजीनामा देईन. पुरुष अधिकाऱ्यांकडून असं काही लिहून घेत नव्हते.

याच काळात केरळच्या अ‍ॅना राजम जॉर्ज १९५१ च्या तुकडीतून प्रशासकीय सेवेत, म्हणजे कलेक्टर होतात त्या सेवेत, आल्या. त्यांनाही मुलाखतीत सुचवलं गेलं, की तुम्ही दुसरी सेवा घ्या, ती बाईला जास्त बरी. त्या ठाम राहिल्या. त्यांच्याही नेमणुकीत लग्न केलं तर नोकरी जाईल अशी अट होती. पुढे तो नियम बदलला आणि त्या अ‍ॅना मल्होत्रा झाल्या. रायगड जिल्ह्यातलं न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं, त्या कामाच्या प्रमुखपदी याच बाई होत्या. बाईला जमणार नाही म्हणणाऱ्यांना त्या बंदराइतकं मोठं उत्तर दुसरं कोणतं असेल?

आता मुथम्मांकडे परत येऊ. त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. १९७० मध्ये त्या हंगेरीत भारताच्या राजदूत झाल्या. परराष्ट्र सेवेतून वर चढत राजदूत झालेल्या त्या पहिल्या महिला. तरीही वरच्या श्रेणीची बढती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं. तेव्हा त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांनी फक्त स्वतःच्या बढतीचं रडगाणं मांडलं नाही. त्यांनी नियमांवर बोट ठेवलं. १९६१ च्या नियमांत लिहिलं होतं, की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. लग्नानंतर घरसंसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. आणि लग्न झालेल्या बाईला या सेवेत नेमणुकीचा हक्क असणार नाही.

मालक म्हणून सरकारने काय केलं? अर्ज कोर्टात गेल्यावर मुथम्मांची पुन्हा तपासणी झाली, त्या लायक ठरल्या आणि बढती मिळाली. नियमांबद्दल सरकारने कोर्टाला सांगितलं, की एक नियम आम्ही काढलाय आणि दुसराही काढतो आहोत. १७ सप्टेंबर १९७९ ला निकाल लागला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्यात साधा प्रश्न केला. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बाईच्या कामात अडचण येऊ शकते असं म्हणता, तर तशी ती पुरुषाच्याही कामात येऊ शकते की. मग नियम एकट्या बाईलाच का? बढती मिळालेली असल्यामुळे कोर्टाने अर्ज निकाली काढला. पण अर्ज निकाली निघाला म्हणून प्रश्न निकाली निघाला असं नाही, हेही कोर्टाने सांगितलं. सेवेचे सगळेच नियम या नजरेने तपासावेत, असंही सुचवलं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. तक्रार करणारीला बढती देऊन मालक मोकळा होऊ पाहतो. म्हणजे तिचं तोंड गोड झालं, विषय संपला. मुथम्मांनी नियमालाच हात घातला होता म्हणून मागून येणाऱ्या मुलींना त्याचा फायदा झाला.

दुसरी गोष्ट खाजगी कंपनीची. ती आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. साल १९७४. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सुधा कुलकर्णी नावाची मुलगी इंजिनिअरिंगचं वरचं शिक्षण घेत होती. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. संस्थेच्या फलकावर टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती. हुशार, कष्टाळू तरुण इंजिनिअर हवेत, असं तीत होतं. खाली एक ओळ होती, की मुलींनी अर्ज करू नये.

सुधाताईंना त्या नोकरीची फारशी गरज नव्हती. त्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायच्या बेतात होत्या. पण ती ओळ त्यांना सहन झाली नाही. त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि सरळ जे. आर. डी. टाटांना लिहिलं. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर होते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. टाटांनी देशात एवढे उद्योग काढले, ही विज्ञान संस्थासुद्धा टाटांच्याच देणगीतून उभी राहिली. आणि त्याच घराण्याची कंपनी बाई-पुरुष असा भेद करते, याचं आश्चर्य वाटतं, असा त्या पत्राचा मतितार्थ होता.

दहा दिवसांच्या आत तार आली. पुण्याला मुलाखतीला या, येण्याजाण्याचा खर्च कंपनी देईल. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी म्हटलं, फुकट पुणं बघायला मिळतंय तर जाऊन ये, आणि येताना आमच्यासाठी साड्या आण. प्रत्येकीने तीस-तीस रुपये दिले. सुधाताई पिंपरीला गेल्या. समोर मंडळ बसलेलं. त्यांनी कामाचे, यंत्राचे प्रश्न विचारले, सुधाताईंनी उत्तरं दिली. मग त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, की कारखान्यात यंत्रांवर आम्ही आजवर बाईला घेतलेलं नाही, तुम्ही संशोधनाच्या जागी जा. सुधाताई म्हणाल्या, कुठून तरी सुरुवात करावी लागेल, नाहीतर तुमच्या कारखान्यात बाई कधीच येणार नाही. त्यांची निवड झाली. कारखान्याच्या त्या विभागात काम करणाऱ्या त्या टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर.

हा किस्सा आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. बहुतेक वेळा तो मोठ्या माणसाच्या मोठेपणाचा म्हणून सांगतात. मोठेपणा होताच. एका विद्यार्थिनीचं पोस्टकार्ड केराच्या टोपलीत टाकणं सोपं होतं. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, सुधाताई लिहू शकल्या कारण ही नोकरी गेली तरी त्यांचं पोट अडणार नव्हतं. ज्या मुलीच्या पगारावर घर चालणार आहे, ती पोस्टकार्ड लिहायला घाबरते. तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं. गट त्यासाठीच असतो. दुसरी गोष्ट, १९७४ साली त्या जाहिरातीविरुद्ध कोर्टात जायची सोय जवळजवळ नव्हती. सरकारी नोकरीत बाई म्हणून भेद करता येणार नाही, असं आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात लिहिलंय. पण ते सरकारी नोकरीपुरतं. खाजगी कंपनीला ते लागू नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, सरकारने समान वेतनाचा वटहुकूम काढला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. आपल्याला तो एकसारख्या कामाला एकसारखा पगार म्हणून माहीत आहे. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलं होतं, की कामावर घेतानाही बाई म्हणून भेद करायचा नाही. अपवाद फक्त जिथे दुसऱ्या कायद्यानेच बायकांना मनाई आहे तिथे. मुलींनी अर्ज करू नये अशी ओळ त्यानंतर कायद्यात बसेना. त्या पोस्टकार्डाने कायदा झाला असं मी म्हणत नाही. पण पोस्टकार्डाने एक दार उघडलं आणि कायद्याने सगळ्या दारांना तो नियम लावला. दोन्हीची गरज होती. टेल्कोचं नाव पुढे टाटा मोटर्स झालं, आणि पुण्याच्याच कारखान्यात गाड्या जोडणीची एक अख्खी लाइन बायका चालवतात.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण आपण बायका-बायका बोलतोय, तेव्हा मोकळेपणाने सांगते. साल १९८९. आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपलं एलआयसी. दिल्लीतल्या एका महिलेने सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा पास, मुलाखत पास. महामंडळाच्या यादीवरल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. सप्टेंबरमध्ये नेमणुकीचं पत्र मिळालं. सहा महिने प्रोबेशन, म्हणजे कच्ची नेमणूक.

डिसेंबरच्या अखेरीस तिने बाळंतपणाची रजा मागितली. जानेवारी १९९० मध्ये ती बाळंत झाली. आणि फेब्रुवारीत, ती रजेवर असतानाच, तिला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. कारण काही दिलेलं नव्हतं. ती उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली.

तिथे महामंडळाने जे उत्तर दिलं ते ऐका. महामंडळ म्हणालं, हिने माहिती लपवली. कसली माहिती? नोकरीवर घेताना महामंडळ बायकांकडून एक फॉर्म भरून घेत असे. त्यात विचारलेलं होतं: पाळी नियमित येते का, त्रास होतो का? किती वेळा दिवस राहिले? किती वेळा पूर्ण दिवस भरून बाळंतपण झालं? शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? कधी गर्भ पडला किंवा पाडला का? या बाईने फॉर्मवर लिहिलेली पाळीची तारीख आणि दवाखान्याच्या कागदावरची तारीख यांत फरक होता. त्यावरून तिला खोटारडी ठरवलं.

कोर्टाने तो फॉर्म मागवून वाचला आणि वाचून न्यायमूर्ती अस्वस्थ झाले. ३१ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात त्यांनी म्हटलं, की खरी गडबड या बाईच्या उत्तरात नाही, तुमच्या प्रश्नांत आहे. असल्या गोष्टी सांगणं बाईला लाजिरवाणं वाटतं, त्यात तिच्या अब्रूचा प्रश्न आहे. कोर्टाने तिला काढून टाकल्याचा हुकूम रद्द केला आणि फॉर्ममधले ते रकाने काढून टाकायला सांगितलं.

पण निकाल नीट वाचला तर एक जागा मोकळी राहिलेली दिसते. नोकरीला लागताना बाई गरोदर असेल तर तिला रजा नाकारता येते का, या मुद्द्यावर कोर्टाने मत दिलं नाही, कारण तो मुद्दा समोर आलेलाच नव्हता. जे मागितलं नाही, ते मिळत नाही. आणि मोकळ्या राहिलेल्या जागेतूनच पुढचा साप निघतो.

तो निघाला तीस वर्षांनी. ३१ डिसेंबर २०२१ ला भारतीय स्टेट बँकेने भरतीच्या वैद्यकीय तपासणीचे नवे नियम काढले. त्यात म्हटलं होतं, की परीक्षा पास झालेली उमेदवार तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवसांची गरोदर असेल, तर तिला तात्पुरती अपात्र धरावं आणि बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत कामावर घ्यावं. तोवरच्या नियमात सहा महिन्यांपर्यंतच्या गरोदर बाईला डॉक्टरांच्या दाखल्यावर रुजू होता येत होतं. म्हणजे नवा नियम जुन्याहून मागे गेला. तात्पुरती अपात्र हा शब्द वरवर साधा वाटतो. पण बरोबरच्या मुलांनी आज रुजू व्हायचं आणि तिने कित्येक महिन्यांनी, म्हणजे पगार तेवढा बुडाला आणि पुढची बढतीही मागे पडली.

गंमत बघा, याच बँकेच्या सर्वोच्च पदावर २०१३ ते २०१७ अरुंधती भट्टाचार्य होत्या. वर एक बाई बसली म्हणून खाली येणाऱ्या प्रत्येकीची वाट आपोआप सरळ होत नाही, हे यातून कळतं.

या वेळी मात्र एकटीला कोर्टात जावं लागलं नाही. बँकेतल्या कर्मचारी संघटना बोलल्या. महिला संघटना, खासदार बोलले. दिल्लीच्या महिला आयोगाने बँकेला नोटीस पाठवली. २९ जानेवारी २०२२ ला बँकेने जाहीर केलं, की लोकभावना लक्षात घेऊन आम्ही नवा नियम स्थगित ठेवतो आणि जुनाच चालू ठेवतो. एका महिन्यात माघार. मुथम्मांना त्यासाठी तीस वर्षं थांबावं लागलं होतं.

मात्र उत्तराचे शब्द पाहा. लोकभावना लक्षात घेऊन, म्हणजे तुम्हाला राग आला म्हणून. नियम चुकीचा होता, असं त्यात कुठे नाही. आणि स्थगित म्हणजे बाजूला ठेवला, फाडून टाकला नाही. म्हणून असा विजय झाला तरी लक्ष ठेवावं लागतं.

आणखी एक बदल सांगते, तो बाई-पुरुष दोघांच्या कामाचा. छोट्या सरकारी नोकऱ्यांच्या मुलाखतीबद्दल लोकांची जुनी तक्रार होती. लेखी परीक्षेत मुलगा-मुलगी स्वतःच्या बळावर पास होते, पण मुलाखतीत वशिला आणि पैसा चालतो. गावाकडच्या मुलीला तर लांबच्या शहरात मुलाखतीला जायचं म्हणजे सोबत कोण, राहायचं कुठे, इथून सुरुवात. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे मालकाने प्रश्न सुधारले नाहीत, मुलाखतच काढून टाकली.

आता या सगळ्यातून आपण काय घ्यायचं?

एक, तक्रार लेखी करा आणि कागद जपा. जाहिरातीचा फोटो, भरलेल्या फॉर्मची प्रत, आलेलं पत्र. दिल्लीच्या त्या महिलेचा खटला महामंडळाच्या स्वतःच्या फॉर्मवरच उभा राहिला. सरकारी भरती असेल तर माहितीच्या अधिकारातही कागद मागता येतो.

दोन, मालकाचं उत्तर आलं की तपासा, की ते एकीसाठी आहे की सगळ्यांसाठी. फक्त एकीला घेतलं आणि प्रश्न तेच राहिले, तर अर्धंच काम झालं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रिणींनो, आता आपणही मालक आहोत. ग्रामसंघ गटांचं पुस्तक लिहायला बाई निवडतो. प्रभागसंघ हिशेबाला कुणाला ठेवतो. पापड-मसाल्याच्या उद्योगात आपण मजुरीला बायका घेतो. तेव्हा आपण काय विचारतो? हिचं मूल लहान आहे, हिला कसं जमेल. ही नवी नवरी, हिला सासू सोडेल का. ही एकटी राहते, लोक काय म्हणतील. मुथम्मांना विचारलेले प्रश्नच आपल्या तोंडून निघतात.

म्हणून निवड करायच्या आधी बसून प्रश्न लिहून काढा आणि सगळ्यांना तेच विचारा. महिन्यातून दोनदा तालुक्याला जावं लागतं, जाल का, हा कामाचा प्रश्न झाला. तो सगळ्यांना विचारा. मूल कोण सांभाळेल, हा तिच्या घरचा प्रश्न आहे. तो तिचा तिला सोडवू द्या. नात्यातली उमेदवार असेल तर तिच्या नातेवाईक बाईने निवडीतून बाजूला बसावं. गुण कागदावर लिहावेत. आणि जिची निवड झाली नाही तिने येऊन विचारलं, की मला का नाही घेतलं, तर रागावू नका. कागद काढा, तिला दाखवा. आपली चूक निघाली तर मान्य करा आणि पुढच्या वेळचा नियम बदला.

जाब विचारणं बायका शिकल्या, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. जाब देणंही आपल्याला शिकायचंय. येत्या बैठकीत हा विषय काढा, आणि तुमच्या ग्रामसंघाने प्रश्नांची यादी केली तर आम्हाला जरूर कळवा.